आवाजाच्या हाती संगणक: एक आढावा

बोललेले वाक्य पडद्यावर उमटणे वेगळे आणि बोलल्याबरोबर संगणकाने काम करणे वेगळे. पहिली गोष्ट आता आपल्या अंगवळणी पडली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या जीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोय आली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवरचे कितीतरी निरोप लोक बोलूनच लिहितात. दुसरी गोष्ट अजून वादात आहे. वर्डमधला तिसरा परिच्छेद निवडणे, एक्सेलच्या रकान्याची बेरीज मांडणे, बँकेच्या संकेतस्थळावर योग्य चौकटीत खूण करणे, चुकलेला शब्द सुधारून ईमेल पाठवणे ही कामे कीबोर्ड-माऊसला हात न लावता होतात का, कितपत होतात आणि ती तशी करावीत का, याचा हा आढावा आहे.

ज्यांचे हात धड आहेत त्यांच्यासाठी हा सोयीचा प्रश्न आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या, स्नायूंचा आजार असलेल्या किंवा वर्षानुवर्षे टाइप करून मनगटे कायमची दुखावलेल्या माणसासाठी मात्र तो नोकरीचा, शिक्षणाचा आणि स्वतःचा पत्रव्यवहार स्वतः करण्याचा प्रश्न आहे. या चर्चेतले बरेच मतभेद कोण कोणत्या बाजूने बोलतो आहे यावरून उलगडतात.

इथवरचा प्रवास

१९५२ मध्ये बेल लॅब्जच्या संशोधकांनी 'ऑड्री' हे यंत्र तयार केले. ते शून्य ते नऊ हे आकडे ओळखत असे. आधी ज्याच्या आवाजाशी जुळवून घेतले असेल त्याच्या तोंडून चांगले, इतरांच्या तोंडून कमी. दहा वर्षांनी, १९६२ च्या सिॲटल जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' मांडले. त्याला सोळा शब्द येत होते: दहा आकडे आणि 'प्लस', 'मायनस', 'टोटल' यांसारख्या सहा सूचना. माणूस बोलत असे आणि जोडलेले यंत्र बेरीज-वजाबाकी करत असे. यंत्राला बोलून हुकूम देण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने पाच वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात 'हार्पी' ही प्रणाली उभी राहिली आणि तिची शब्दसंख्या १,०११ वर गेली. हे काम ज्यांच्या भोवती वाढले ते राज रेड्डी मूळचे आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातले. १९९४ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच विद्यापीठातून बाहेर पडलेल्या जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, या हिशेबावर बोलणे ओळखण्याची पद्धत त्यांनी आणि आयबीएममध्ये फ्रेड जेलिनेक यांच्या गटाने रुजवली. १९९० चे 'ड्रॅगनडिक्टेट' वापरताना प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. १९९७ च्या 'नॅचरलीस्पीकिंग'ने सलग बोलण्याची मुभा दिली.

दुसरा धागा हुकमाचा. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी 'पुट दॅट देअर' हा प्रयोग केला. माणूस भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट दाखवून 'ते तिथे ठेव' म्हणे आणि आकृती हलत असे. आवाज आणि हात एकमेकांना पूरक आहेत, हा त्यातला विचार आजही कामाचा आहे.

हे दोन धागे एकत्र आले की काय अडचण होते, ते जुलै २००६ मध्ये जगाने पाहिले. विंडोज व्हिस्टाच्या जाहीर प्रात्यक्षिकात 'डिअर मॉम' म्हटल्यावर पडद्यावर 'डिअर आन्ट' उमटले. ते खोडण्यासाठी दिलेल्या 'डिलीट', 'सिलेक्ट ऑल' या सूचनाही पत्राचाच मजकूर म्हणून टाइप होत गेल्या. ऐकण्यातली चूक एक होती. पण हा मजकूर आहे की हुकूम, हे यंत्राला न कळणे ही अडचण त्याहून मोठी होती.

२०१० नंतर सखोल न्यूरल जाळ्यांनी ऐकण्याचा दर्जा झपाट्याने वाढवला. इंग्रजी दूरध्वनी संभाषणांच्या 'स्विचबोर्ड' या प्रमाण चाचणीत मायक्रोसॉफ्टने चुकांचे प्रमाण २०१६ मध्ये ५.९ टक्के आणि २०१७ मध्ये ५.१ टक्के असल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये सिरी आणि २०१४ मध्ये ॲलेक्साचे 'एको' आले. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने सुमारे ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले 'व्हिस्पर' सर्वांसाठी खुले केले. यंत्राला ऐकू येते का, हा प्रश्न निदान मोठ्या भाषांसाठी मागे पडला. वाद आता पुढच्या टप्प्यावर आहे.

माऊसविना पडद्यावर पोचायचे कसे

ॲपलने २०१९ मध्ये मॅक आणि आयफोनवर 'व्हॉइस कंट्रोल' आणले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये 'व्हॉइस ॲक्सेस' दिले. अँड्रॉइडवर गूगलची याच नावाची सोय आहे. तिन्हींत पडद्यावरच्या वस्तूपर्यंत पोचण्याचे मार्ग साधारण सारखे आहेत.

पहिला मार्ग नावाचा: 'क्लिक सेंड' म्हटले की 'सेंड' लिहिलेले बटण दाबले जाते. दुसरा आकड्याचा: 'शो नंबर्स' म्हटले की प्रत्येक बटणाशेजारी, दुव्याशेजारी लहानसा आकडा दिसतो, हवा तो आकडा बोलायचा. तिसरा जाळीचा. नाव नाही, आकडाही बसत नाही, अशा ठिकाणी, उदाहरणार्थ नकाशावर किंवा छायाचित्रावर, संपूर्ण पडदा चौकटींत (विंडोजवर नऊ) विभागला जातो. 'पाच' म्हटले की पाचव्या चौकटीचे पुन्हा नऊ भाग होतात. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या नेहमीच्या पडद्यावर चार आकडे बोलले की साधारण २४ बाय १३ पिक्सेलचा तुकडा उरतो, म्हणजे छोट्या बटणाइतकी जागा. माऊसने अर्ध्या सेकंदात होणाऱ्या कामाला इथे चार उच्चार लागतात. पण ज्याला माऊस धरताच येत नाही त्याला पडद्यावरचा प्रत्येक कोपरा खुला होतो.

तीन भूमिका

*पहिली: ठरीव आज्ञा हव्यात.* ही भूमिका प्रामुख्याने दिवसभर आवाजानेच काम करणाऱ्यांची आहे. २०१३ च्या पायकॉन परिषदेत टॅव्हिस रड या प्रोग्रामरने बोलून संगणकाचा कोड लिहून दाखवला. हाताच्या दुखण्यामुळे ते या वाटेला लागले होते. पुढे 'टॅलन' हे सॉफ्टवेअर या वर्तुळात रुजले. त्यात इंग्रजी मुळाक्षरांना 'एअर', 'बॅट', 'कॅप' अशी सुटसुटीत, एकमेकांशी गल्लत न होणारी नावे दिलेली आहेत. 'एअर बॅट' म्हटले की ए आणि बी ही दोन अक्षरे उमटतात. अशा शेकडो छोट्या आज्ञा एका दमात जोडून बोलता येतात, आणि नुसता ओठांनी 'पॉप' असा आवाज काढून क्लिक करता येते. या पक्षाचे म्हणणे असे: एकाच आज्ञेचा परिणाम दर वेळी एकच असतो, तो लगेच होतो, आणि सगळे काम इंटरनेटविना आपल्याच संगणकावर चालते. उणीवही तेच मान्य करतात. आज्ञा पाठ व्हायला बराच काळ जातो आणि दिवसभर तुटक शब्द बोलून घसा शिणतो. हाताचे दुखणे टाळताना आवाजाचे दुखणे ओढवू नये, याची काळजी अनुभवी लोक नव्यांना घ्यायला सांगतात.

*दुसरी: यंत्राने आपली भाषा समजून घ्यावी.* मोठी भाषा-प्रारूपे आल्यापासून ही भूमिका जोरात आहे. माणसाने आज्ञा पाठ करायची गरजच काय? 'या महिन्याची बिले एका फोल्डरमध्ये टाक आणि बेरीज करून दे' एवढे सांगितले की पायऱ्या यंत्राने ठरवाव्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने ॲलेक्साची नवी आवृत्ती याच विचाराने जाहीर केली. पडदा पाहून स्वतः क्लिक करणारे सहायकही आता येत आहेत. पाठांतराचा अडसर गेला तर वयस्क, कमी शिकलेले आणि संगणकाला बुजणारे लोकही आत येतील, हा या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. आक्षेप विश्वासार्हतेवर आहे. एकाच वाक्याचा अर्थ यंत्र आज एक आणि उद्या दुसरा लावू शकते. 'व्हिस्पर'सारखी प्रारूपे शांततेच्या जागी कधीकधी कोणी न बोललेली वाक्ये लिहितात, हे अभ्यासांत दिसले आहे. लिहिलेली चूक डोळ्यांना दिसते आणि खोडता येते. पाठवलेला ईमेल किंवा भरलेले पैसे परत येत नाहीत. सगळे प्रयोग टिकतही नाहीत: कोडसाठी गिटहबने सुरू केलेला 'कोपायलट व्हॉइस' हा प्रायोगिक उपक्रम एप्रिल २०२४ मध्ये आवरता घेतला गेला.

*तिसरी: आवाज हा जोडीदार आहे, बदली नव्हे.* मानव-संगणक संवादाचे अभ्यासक बेन श्नाइडरमन यांनी २००० मध्ये हा मुद्दा मांडला. बोलणे आणि विचार करणे यांसाठी मेंदूतली स्मरणाची जागा बऱ्याच अंशी एकच लागते. हात हलवताना मात्र डोक्यातला विचार चालू ठेवता येतो. म्हणून अवघड मजकूर रचताना आज्ञा बोलत राहिले की विचारांची साखळी तुटते, असे त्यांचे म्हणणे. याच्या विरुद्ध बाजूला २०१६ चा स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि बायडू यांचा प्रयोग ठेवला जातो. मोबाइलवर बोलून मजकूर भरणे टाइप करण्यापेक्षा इंग्रजीत सुमारे तिप्पट आणि मँडरिनमध्ये २.८ पट वेगवान ठरले. नीट पाहिले तर दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेदत नाहीत. प्रयोगात समोर दिलेली लहान वाक्ये भरायची होती. श्नाइडरमन बोलत होते ते विचार करत करत लिहिण्याबद्दल आणि पडदा हाताळण्याबद्दल. पहिल्यात आवाज जिंकतो, दुसऱ्यात हात. आणि ज्याला हाताचा पर्याय नाही त्याच्यासाठी ही तुलनाच लागू नाही.

निम्मी जबाबदारी ॲप्लिकेशनची

चर्चा बहुतेक वेळा ऐकणाऱ्या सॉफ्टवेअरभोवती फिरते. प्रत्यक्षात बोलून काम होईल की नाही, हे समोरचे ॲप्लिकेशन कसे बांधले आहे यावर तितकेच ठरते. एखाद्या अर्जात बटणावर 'पुढे जा' दिसते, पण आतल्या कोडमध्ये त्याचे नाव 'सबमिट' आहे. डोळ्यांनी वाचून माणूस 'पुढे जा' म्हणतो आणि काहीच घडत नाही, कारण त्या नावाचे बटण संगणकाला सापडत नाही. चित्राच्या रूपातल्या बटणाला अनेकदा नावच दिलेले नसते. जून २०१८ मध्ये आलेल्या वेब सुगम्यता निकषांच्या २.१ आवृत्तीत यासाठी २.५.३ हा निकष जोडला गेला: बटणावर जे दिसते ते त्याच्या आतल्या नावात असलेच पाहिजे. नियम ओळीभराचा आहे आणि पाळायला फारसा खर्च येत नाही. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती-तंत्रज्ञानातली सुगम्यता मागतो. पण सुगम्यतेची तपासणी अनेकदा अंध वापरकर्त्यांच्या स्क्रीन रीडरपाशीच थांबते आणि आवाजाने काम करणारा माणूस विसरला जातो.

या दोन गटांच्या गरजा एकमेकांत अडकतातही. अंध व्यक्तीला आवाजाने आज्ञा द्यायच्या असतील, तर स्क्रीन रीडर मोठ्याने वाचत असलेला मजकूर माइकमध्ये शिरतो आणि यंत्र त्यालाच आज्ञा समजू लागते. इअरफोन हा आजचा उपाय आहे, पूर्ण उत्तर नव्हे.

कंपन्यांवरचे अवलंबन हाही गंभीर भाग आहे. २०१८ मध्ये मॅकसाठीचे ड्रॅगन बंद झाले तेव्हा अनेकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या स्वतःच्या आज्ञांचे भवितव्य धोक्यात आले. ड्रॅगन ज्या न्युअन्स कंपनीकडे होते ती मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. ज्याचे रोजचे काम एका सॉफ्टवेअरवर उभे आहे त्याला अशा व्यापारी निर्णयांत काही आवाज असावा की नाही, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

खासगीपण आणि सुरक्षितता

हुकूम ऐकायचा तर माइक उघडा हवा, आणि उघडा माइक नको तेही ऐकतो. २०१९ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल यांच्या सहायकांची काही ध्वनिमुद्रणे कंत्राटी माणसे ऐकत असल्याचे उघड झाले. ॲपलने माफी मागून यापुढे वापरकर्त्याची संमती घेऊ असे सांगितले. मार्च २०२५ मध्ये ॲमेझॉनने 'एको'वरचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरकडे न पाठवण्याचा पर्याय काढून टाकला. दुसऱ्या बाजूला ॲपलचे 'व्हॉइस कंट्रोल' आणि विंडोजचे 'व्हॉइस ॲक्सेस' आवाजावरची प्रक्रिया उपकरणातच करतात. म्हणजे खासगीपण राखून आवाजाने काम करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. प्रश्न कोणती रचना निवडायची हा आहे. डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी यांच्यासाठी हा फरक नियमांचा भाग व्हायला हवा. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्याला आधार देऊ शकतो.

सुरक्षिततेची बाजूही तपासली गेली आहे. जानेवारी २०१७ मध्ये सॅन डिएगोच्या एका दूरचित्रवाणी बातमीत निवेदकाने ॲलेक्साला उद्देशून असलेले वाक्य उच्चारले, आणि आपल्या घरातल्या यंत्रांनी बाहुलीघर मागवण्याचा प्रयत्न केल्याच्या तक्रारी प्रेक्षकांनी केल्या. त्याच वर्षी चीनच्या झेजियांग विद्यापीठाने माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीतून आज्ञा देता येतात हे सिद्ध केले. २०१९ मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी लांबून माइकवर लेझरचा झोत टाकून आज्ञा पोचवून दाखवल्या. पैशांचे व्यवहार, कुलपे आणि पासवर्ड यांसाठी नुसता आवाज पुरेसा मानू नये, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

कोणाचा आवाज, कोणती भाषा

२०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या वक्त्यांचे बोलणे ओळखताना सरासरी १९ टक्के शब्द चुकले, तर कृष्णवर्णीयांचे ओळखताना ३५ टक्के. यंत्र ज्यांचे बोलणे ऐकून शिकते, त्यांनाच ते नीट ओळखते. म्हणूनच जाहीर होणारी सरासरी प्रत्येकाला लागू पडत नाही.

मराठीसाठी हा मुद्दा थेट आहे. पुण्या-मुंबईच्या बोलण्यावर शिकलेले यंत्र वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी वळणाच्या बोलण्यापुढे अडखळते. या दिशेने काम झाले आहे. टीआयएफआर आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी फोनवर मराठीत विचारून शेतमालाचे भाव कळावेत यासाठी राज्यातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांचे आवाज जमवले होते. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस', केंद्र सरकारची २०२२ पासूनची 'भाषिणी' आणि आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' गटाचा 'इंडिकव्हॉइसेस' हा संग्रह यांत मराठी आहे. २०१८ मध्ये गूगल असिस्टंटला मराठी आली. मात्र संगणक संपूर्ण आवाजाने चालवण्याच्या विंडोज आणि मॅकवरच्या सोयींत मराठी अजून नाही. ज्याला हात वापरता येत नाहीत अशा मराठी माणसाला आधी इंग्रजी आज्ञा शिकाव्या लागतात.

ही सोय मराठीत आणताना नुसते भाषांतर पुरणार नाही. आकड्यांचेच पाहा. इंग्रजीत एक ते नव्व्याण्णव हे आकडे २७ शब्दांत मावतात. मराठीत ९९ वेगळे शब्द लागतात, आणि बावन्न, त्रेपन्न, चोपन्न किंवा एकोणसत्तर, एकोणऐंशी असे कितीतरी कानाला जवळचे आहेत. आकडा बोलून बटण दाबण्याच्या पद्धतीत ही गल्लत महाग पडेल. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस दोन' अशा वाचनावरून वाद झाला होता. इथे तो पर्याय, किंवा फोन नंबर सांगतो तसे 'चार दोन' म्हणणे, यांची चाचणी घेणे गरजेचे आहे. आज्ञेची रूपेही अनेक आहेत: उघड, उघडा, उघडून दे, उघडशील का. वर 'हा पॅरा कॉपी करून खाली पेस्ट कर' हेही चांगले रुळलेले मराठी आहे आणि यंत्राला तेही कळले पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे आयती आहे. शाळेतल्या शुद्धलेखनामुळे अक्षरन् अक्षर तोंडी सांगण्याची भाषा प्रत्येक मराठी माणसाला येते: पहिली वेलांटी, दुसरा उकार, वर अनुस्वार, काना दे. 'कि' उमटले तर 'दुसरी वेलांटी' एवढे म्हणताच 'की' व्हावे, इतकी सोपी दुरुस्ती मराठीत शक्य आहे. ती बांधण्याचे काम बाकी आहे.

काय ठरले, काय उरले

काही गोष्टी निकालात निघाल्या आहेत. मोठ्या भाषांत ऐकण्याची अचूकता कामापुरती आहे, प्रक्रिया उपकरणातच करता येते, आणि ॲप्लिकेशनने आपल्या बटणांना योग्य नावे दिली तर बहुतेक कामे बोलून होतात.

उरलेल्या प्रश्नांत पहिला ठरीव आज्ञा आणि मोकळी भाषा यांच्या जोडणीचा. परत घेता येतील ती कामे मोकळ्या भाषेत आणि पैसे, पाठवणे, पुसणे यांसाठी ठरीव आज्ञा व खात्री, अशी विभागणी सुचवली जाते. तिची सीमा कुठे आखायची हे अनिर्णित आहे. दुसरा जागेचा: शेजारी शेजारी टेबले असलेल्या कार्यालयात दहा जण एकदम बोलू लागले तर काय, याला चांगले उत्तर नाही. तिसरा आवाजाच्या आरोग्याचा. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांचा पुरेसा दीर्घ अभ्यास हवा. चौथा आपला: मराठी आज्ञांचे प्रमाण रूप कोण ठरवणार आणि त्यासाठीचे आवाज कोणत्या गावांतून, कोणत्या संमतीने येणार.

कसोटी कोणाची धरायची, यावर या प्रश्नांची उत्तरे अवलंबून राहतील. गंमत म्हणून गाणे लावणाऱ्याला दहातली एक चूक चालते. ज्याच्या हाती आवाजाशिवाय काही नाही त्याला ती चालत नाही. चूक झाली तर ती बोलूनच निस्तरता आली पाहिजे. या दुसऱ्या माणसाला दिवसभर निर्धास्तपणे वापरता येईल अशी प्रणाली पहिल्याला आपोआप पुरेल. उलट घडत नाही, हे मागच्या सत्तर वर्षांनी दाखवले आहे. मराठीत ही सोय उभारणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून अशा वापरकर्त्यांना चाचणीच्या टेबलाशी बसवावे. त्यांचे समाधान झाले, की बाकीच्यांच्या सोयीसाठी वेगळे काही करावे लागणार नाही.